परत आलेला वानोळा

मित्रांनो, वरवे बुद्रुकच्या चंद्राबाईंच्या घरात खुंटीला एक बांबूची दुरडी टांगलेली आहे. ती मी. माझी कड एका बाजूने उसवली आहे आणि रंग धुराने पार काळवंडला आहे. पण मीही कधी काळी हिरवीगार होते. वेल्ह्याच्या डोंगरात बांबू होऊन वाऱ्यावर डुलत होते. भोरच्या चिमाजी बुरडाने मला फाडले, तासले, भिजवले आणि विणले. विणताना तो माझ्याशी बोलायचा. म्हणायचा, "घट्ट बस गं बाई. तुला लोकांच्या दारात जायचंय."

चंद्राबाईंनी मला बाजारातून आणले, शेणाने सारवून उन्हात वाळवले. मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. माझ्यात कधी भाकऱ्या असायच्या, कधी निवडलेली भाजी. एकदा तर शेजारणीचे तान्हे मूल चंद्राबाईंनी मऊ लुगडे घालून माझ्यात निजवले होते. त्याची आई शेतावर गेली होती. झोपेत ते हसले, तेव्हा माझी एकेक काडी सुखावली होती.

पण माझा खरा मान होता तो वानोळ्याचा. तुम्हाला ठाऊक आहे ना, शेतात नवे पीक आले की त्यातले थोडे आपल्या माणसांना चवीला पाठवतात? चंद्राबाई दरवर्षी नवा आंबेमोहोर माझ्यात भरायच्या आणि एसटीने भोरला कुंडलिक गुरुजींच्या घरी जायच्या.

त्यामागे एक कारण होते. चंद्राबाईंचा मुलगा आनंदराव लहान असताना शाळेत त्याला वर्गाबाहेर बसवायचे. तेव्हा त्यांच्या घराने बौद्ध धम्म घेतलेला नव्हता, गावात त्यांना कोणी शिवत नसे. कुंडलिक गुरुजी त्या शाळेवर आले आणि त्यांनी आनंदला हाताला धरून आत आणले, पुढच्या ओळीत बसवले. तोच आनंद पुढे शिकून मोठा सरकारी अधिकारी झाला. त्याची नेमणूक मात्र दूर चांद्याकडे होती. वर्षातून एकदा घरी येणे व्हायचे.

वानोळा घेऊन पहिल्या वर्षी गेलो, तेव्हा चंद्राबाई पायरीखालीच उभ्या राहिल्या. गुरुजींच्या पत्नी सगुणाबाई दारात आल्या आणि क्षणभर थांबल्या. मी आखडून गेले. मग त्या म्हणाल्या, "अहो, खाली काय उभ्या? वर या." त्यांनी माझ्यातला तांदूळ स्वतःच्या हाताने काढून घेतला आणि त्याच दुपारी शिजवला. येताना एसटीत चंद्राबाई मला मांडीवर घेऊन अशा ताठ बसल्या होत्या, की शेजारचीला वाटावे, माझ्यात सोने आहे.

पुढे बरीच वर्षे हे असेच चालले. मग बहात्तरचा दुष्काळ आला.

दुष्काळ सरल्यावर रस्ते, विहिरी, नळ अशी कामे मंजूर होऊ लागली. पण ज्याची साहेबांकडे ओळख, त्याच्याच गावाला काम. कोणी साहेबांच्या बंगल्यावर तुपाची बरणी न्यायचा, कोणी कोंबड्या. वेल्ह्याकडच्या वाड्यांना कसली आलीय ओळख? तिथल्या बाया हंडे घेऊन डोंगर चढत राहिल्या. शेवटी जाणत्या लोकांनी ठरवले, की तालुक्यात एक वरिष्ठ आणि सचोटीचा अधिकारी आणायचा. कामासाठी कोण कोणत्या साहेबाला भेटतो, काय मागतो, काय घेऊन जातो, यावर त्याने नजर ठेवायची आणि ते सगळ्यांना उघड सांगायचे. तो निवडायला तिघांची समिती नेमली. प्रमुख केले कुंडलिक गुरुजींना. आणि ज्यांची नावे पुढे आली, त्यांत आनंदराव होते.

ही जागा मिळाली असती, तर आनंदराव भोरला राहायला आले असते. चंद्राबाईंना आता लांबचे नीट दिसत नसे. येईल जाईल त्याला त्या सांगायच्या, "लेक हितं आला की मला दुसरं काय बी नगं." पण निवड कोण करणार, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. भात झोडून झाला होता, वानोळ्याची वेळ झाली होती. त्या निघाल्या.

गुरुजी आत माजघरात होते. चंद्राबाईंचा आवाज ऐकून ते उठले आणि पुन्हा बसले. सगुणाबाईंना हळूच म्हणाले, "यंदा घ्यायचं नाही. परत न्यायला सांग."

"म्हातारीला काय सांगू मी? तुम्हीच या की बाहेर."

"उमेदवाराच्या आईशी मी बोलणं बरं दिसत नाही. जा तू."

सगुणाबाई खाली मान घालून दारात आल्या. "चंद्राबाई, यंदा राहू द्या. घरी न्या."

"का वो? किडं निघालं का?"

"नाही हो, तांदूळ छानच आहे."

"मंग?"

सगुणाबाईंनी मागे वळून आत पाहिले. चंद्राबाईंना दाराशी गुरुजींच्या वहाणा दिसल्या. "गुरुजी घरात हायेत न्हवं?" त्यांनी विचारले. सगुणाबाईंनी मला हलकेच मागे लोटले. तेव्हा चंद्राबाई एक पायरी खाली उतरल्या, मग दुसरी. "बरं. समजलं मला," एवढेच म्हणाल्या.

मित्रांनो, त्यांना काय समजले, ते मला कळत होते. गुरुजींच्या मनात ते नव्हते, हेही मला कळत होते. पण दुरडीला कुठले तोंड असते?

एसटीत कंडक्टर म्हणाला, "काय आज्जे, माल खपला न्हाई व्हय?"

"न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "आमचा माल जुनाच निघाला."

त्याच संध्याकाळी आनंदराव मुलाखतीसाठी चांद्याहून आले. आईने सगळे सांगितले. आनंदरावांनी मला जवळ ओढले. मग म्हणाले, "आई, गुरुजी त्या समितीचे प्रमुख आहेत. म्हणून घेतला नसेल."

"मंग तसं सांगाया त्यास्नी तोंड न्हवतं व्हय?" म्हणता म्हणता चंद्राबाई थबकल्या. "म्हंजी म्याच तुझ्या कामात मिठाचा खडा टाकला की रं."

दुसऱ्या दिवशी आनंदराव मला भोरला घेऊन गेले, तांदळासकट. समितीसमोर टेबलावर मला ठेवून म्हणाले, "काही विचारायच्या आधी एक सांगतो. काल माझ्या आईने ही दुरडी गुरुजींच्या घरी नेली होती. तिला निवडीचं ठाऊक नव्हतं. गुरुजींनी ती परत पाठवली. पण ज्या जागेसाठी मी आलो, तिथं हे लपवून बसणं मला जमणार नाही."

समितीतले मानसिंगराव हसले. "अहो, दुरड्यांवर नजर ठेवणारा माणूस आम्ही शोधतोय, आणि पहिली दुरडी तुमच्याच घरची? गुरुजी, तुम्ही काही बोलला नाहीत ते?"

"परत केली होती, म्हणून..." गुरुजी एवढेच म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. ही दुरडी समितीच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या दारात येत होती. तेवढे त्यांनी सांगायला हवे होते. पण आपल्या विद्यार्थ्याची बाजू घेतली, असे कोणी म्हणेल, या भीतीने ते गप्प राहिले.

जागा दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळाली.

आनंदराव चांद्याला परत निघाले, तेव्हा आईला म्हणाले, "नोकरी गेली नाही गं. एक जागा गेली." चंद्राबाईंनी मान डोलावली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तो तांदूळ त्यांनी मडक्यात घातला आणि मला खुंटीला अडकवले. येता जाता माझ्याकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. मी नुसतेच ओझे वाहिले होते. तरी वाटायचे, त्या सकाळी माझी कड तुटली असती, तर लेक आईजवळ असता.

नंतर एका दुपारी गुरुजी वरव्यात आले. फाट्यावरून उन्हात चालत आले होते. अंगणात उभे राहून म्हणाले, "चंद्राबाई, तांदूळ परत केला, ते चुकलो नाही. पण आत बसून राहिलो, ते चुकलो. आणि समितीत तोंड उघडलं नाही, ते त्याहून."

चंद्राबाई सुपातले खडे वेचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला वाटलं, आमचं जुनं शिवाशिवीचंच काढलं तुमी."

गुरुजींचा चेहरा उतरला. "तुम्हाला तसं वाटेल, हे माझ्या मनातच आलं नाही. एवढी वर्षं मास्तरकी करून हे मनात येऊ नये?"

चंद्राबाईंनी आणखी दोन खडे वेचले. मग चंद्राबाईंनी सूप बाजूला ठेवले. "आता त्या समितीत न्हाई न्हवं तुमी?"

"नाही."

"मंग बसा. भात टाकते."

मडक्यातला तांदूळ त्यांनी शिजवला. गुरुजी खाली मान घालून जेवले. निघताना त्यांनी विचारले, "पुढच्या वर्षी दुरडी येईल ना?"

"बगू," चंद्राबाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी नवा तांदूळ आला. चंद्राबाईंनी मला खाली काढले, पदराने पुसले, थोडा वेळ मांडीवर धरून बसल्या आणि पुन्हा खुंटीला लावले. गुरुजींच्या दाराची पायरी त्या परत चढल्या नाहीत. आता भात झोडून झाला, की गुरुजीच काठी टेकत इथे येतात. दोघे चांगले बोलतात. चांद्याहून पत्र आले का, असे गुरुजी विचारतात, आणि मग मात्र दोघांची नजर खुंटीकडे जाते.

मित्रांनो, बाजारात आता प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या आहेत. माझ्यासारख्या दुरड्या चुलीत जातात. घरात एखादी असेल, तर तिची कड वेळेवर बांधून घ्या, म्हणजे ती पुष्कळ टिकेल. आणि तुमच्या दारात कोणी काही प्रेमाने घेऊन आले आणि ते घेणे योग्य नसेल, तर घेऊ नका. पण दुसऱ्याला पुढे करू नका. स्वतः दारात या, त्या माणसाकडे बघा आणि का नको, ते सांगा. परत गेलेला तांदूळ शिजवता येतो. न सांगितलेले कारण त्या माणसाला घरापर्यंत एकट्याने वाहून न्यावे लागते, आणि ते किती जड असते, हे मी मांडीवर बसून पाहिले आहे.