सपनाचा हंडा

मी कुणाचं ऐकत नाही, हे नरडाण्याच्या आख्ख्या एमआयडीसीत माहीत आहे. आईला तर मी बोलायला लागल्यापासून माहीत आहे. ती म्हणाली शिवणकाम शीक, मी आयटीआयला गेले. ती म्हणाली बाईमाणसाने मशीनवर उभं राहू नये, मी ब्लास्टिंगच्या पेटीवर उभी राहिले. "सविता, तुनं डोकं उलटं बसाडेल शे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मलाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

म्हणून ती म्हणाली, "हंडावरनं नाव काढीसन आन," तेव्हा मी हो म्हटलं, पण काढायचं नाही हे मनाशी पक्कं होतं.

हंडा सपनाचा. माझी धाकटी बहीण. तिला पहूरला दिली होती. गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि पोरगी बघता बघता हातातून गेली. आता तिचा नवरा, आकाशराव, दुसरं लग्न करताहेत. करू देत, माणूस वाईट नाही, वय तरी काय त्यांचं! पण नव्या नवरीला रोज आंघोळीचं पाणी काढताना पहिलीचं नाव डोळ्यांपुढे नको, असं त्यांच्या घरचे म्हणाले आणि हंडा टेम्पोत घालून आमच्याकडे परत आला. म्हणणं खोटं नाही. तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठेवला असता घराच्या कोपऱ्यात उपडा, तर काय जागा अडत होती?

चुलीवर पाणी तापवून तापवून पितळ काळंठिक्कर पडलं होतं. चिंचेने घासलं, राखेने घासलं, हात दुखायला लागले, काही निघेना. नाव मात्र काळ्यातही दिसत होतं. धुळ्याच्या भांड्याच्या दुकानात लग्नाच्या वेळी टाकून घेतलेलं, ठिपक्या-ठिपक्यांचं : 'सपनास मंगल परिणयानिमित्त आईकडून सप्रेम.' आईला वाचता येत नाही. त्या दिवशी दुकानदाराने एकेका शब्दावर तिचा अंगठा धरून फिरवला होता. तेव्हापासून तिला ती ओळ अंगठ्यानेच पाठ.

"पुनमले देनं शे," आई म्हणाली. पुनम म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पोरगी, तिचं लग्न ठरलंय. "मरेल पोरनं नाव लगनमा कोनी देस का?"

"आपल्यात असलं काही मानत नाहीत, आणि तूच मानायला लागलीस?" मी भांडले. "असू दे की नाव! आत्याचंच आहे, परक्याचं नाही."

"काढीसन आन म्हनस ना," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आमच्या पेटीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोखंडी पेटी, समोर काच, दोन भोकांतून रबरी हातमोजे आत सोडलेले. हात आत घालायचे, पायाने पट्टी दाबायची, की नळीतून हवेबरोबर दाणे सुटतात आणि वस्तूवरचा गंज, काजळी सगळं उडवतात. नाजूक कामाला काचेचे दाणे, रव्यासारखे बारीक. गंजलेल्या लोखंडाला काळी ग्रीट, म्हणजे धारदार लोखंडी कण, ती धातूसुद्धा खाते. वापरलेले दाणे खालून पंख्याने वर ओढले जातात, वजनदार ते परत कामाला येतात, हलकी धूळ पिशवीत जाते. या ओढीवर एक झडप असते. कमी उघडली तर पेटीत धुकं होतं, काही दिसत नाही. जास्त उघडली तर धुळीबरोबर चांगले काचेचे दाणेही पिशवीत पळतात. ग्रीट जड, ती पळत नाही. म्हणून ग्रीटच्या कामाला झडप सताड उघडी, काचेच्या कामाला जराशी. सगळी गंमत त्या झडपेत आहे.

साहेबांना विचारलं, तर म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत आटप. सकाळी ग्रीटचं काम झालं होतं. मी तळ झाडून काढला, तरी नळ्यांच्या वाकणात थोडी ग्रीट राहतेच, ती काही शंभर टक्के निघत नाही. काचेचे दाणे भरले, हवा मंद केली, झडप जराशी ठेवली. मनात सगळं ठरलेलं. काजळी तेवढी उडवायची, नाव उजळवायचं, आणि घरी जाऊन सांगायचं, खूप खोल आहे गं आई, नाही निघत. ती चार शिव्या देणार, मी चार ऐकणार, आणि नाव राहणार.

काळं उडालं आणि खालून पितळ पिवळंधमक निघालं. आधी 'आईकडून' दिसलं. मग हंडा फिरवला, तर 'सपनास'. एकेक ठिपका आत्ताच कोरल्यासारखा. ती सासरी निघाली तेव्हा हा हंडा तिने स्वतःच्या मांडीवर घेतला होता, गाडीत दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. डोळे भरून आले. हात मोज्यांत अडकलेले, पुसणार कशाने? मी तशीच काचेला नाक लावून, डोळे बारीक करून काम करत राहिले.

तेवढ्यात रुपचंद भाऊ डबा धुऊन आले. आमच्यातले सगळ्यात जुने, देवमाणूस. त्यांनी पाहिलं, सविता काचेला चिकटून धडपडतेय. त्यांना वाटलं, पेटीत धूळ दाटली, पोरीला दिसत नाही. गेले मागे आणि झडप सताड उघडून दिली. सकाळभर ती तशीच होती, त्यांचा तरी काय दोष! पेटीत धूळ नव्हतीच हो. माझेच डोळे भरले होते.

काचेचे दाणे सगळे पिशवीत ओढले गेले. उरली ती वाकणातली ग्रीट, तीच ती खाली येऊन पुन्हा पुन्हा नळीत जात राहिली. आवाज खरबरीत झाला तेव्हा मी पाय उचलला. खांद्याला डोळे पुसून पाहिलं, तर 'सपनास' होतं तिथे नुसतं पांढुरकं, खरखरीत पितळ. पुढचे शब्दही झिजून गेले होते, एक अक्षर लागत नव्हतं.

"कोणी हात लावला झडपेला?" मी अशी ओरडले, की बाहेर जेवणारे उठून आले.

"तुला दिसत नव्हतं ना बाई, म्हणून..." रुपचंद भाऊ म्हणाले. मग त्यांची नजर हंड्यावर गेली आणि त्यांच्या हातातला डबा खाली पडला. त्या माणसाला काय बोलणार?

संध्याकाळी घरी गेले. आई दारातच बसली होती. मी हंडा तिच्यापुढे ठेवला. तिने तो मांडीवर घेतला आणि अंगठा लावला. फिरवला. हंडा वळवला, परत फिरवला.

"आठेच व्हतं ना?" ती म्हणाली.

इथेच होतं, मी मानेने हो म्हटलं.

"बठ्ठं गयं? एक ठिपका बी नही?"

"तूच म्हणाली होतीस ना, काढून आण."

"म्हनी व्हतू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "जलमभर मन्हं आयकं नही तू. मले वाटनं, हाई तरी काय आयकशी!"

रुपचंद भाऊंचं नाव मी घेतलं नाही. तिच्याशेजारी बसले, आणि आम्ही दोघी मोठमोठ्याने रडलो, शेजारच्या बाया धावत आल्या तरी थांबलो नाही.

हंडा पुनमला दिला नाही. आईने तो तिच्या उशाशी ठेवलाय, कुणाला हलवू देत नाही. पुनमसाठी आम्ही धुळ्याला जाऊन स्टीलचा हंडा घेतला. दुकान तेच, दुकानदारही तोच. त्याने मशीन काढलं आणि विचारलं, "काय नाव टाकू, आजी?"

आई म्हणाली, "नको."