मी नाव शोधतो, माणूस नाही

मित्रांनो, मी एक जुना, नावे शोधणारा प्रोग्राम आहे. मोबाइलवर खेळताना किंवा चित्रे टाकताना तुम्ही स्वतःसाठी एक नाव ठरवता ना, त्याला युजरनेम म्हणतात. ते मला दिले की मी चारशे संकेतस्थळांवर जाऊन त्या नावाचे खाते कुठे कुठे आहे ते पाहून येतो. नऊ वर्षे हेच करतो आहे. आता फार थकलो आहे.

माझा जन्म इंदूरच्या स्नेहलतागंजमधला. तिथे लक्ष्मीकांत शिर्के सर राहतात. ते कॉलेजात संगणक शिकवतात. त्यांचा शाळेतला जिवलग मित्र बंडू शहर सोडून गेला आणि त्याचा पत्ताच लागेना. तो सगळीकडे 'बंडू पेटीवाला' हेच नाव लावी, एवढे सरांना आठवत होते. दोन रविवार बसून त्यांनी मला लिहिले. मला ते नाव रायपूरच्या एका गाण्याच्या संकेतस्थळावर सापडले. सरांनी लगेच तिथे लिहून विचारले, "शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवायचा, तोच का तू?"

"हाँ भिया, तोच मी. इतके दिवस होतास कुठे?" असे उत्तर आले.

मग सरांनी मला सगळ्यांसाठी मोफत खुले केले. कितीतरी लोकांना माझ्यामुळे जुने मित्र भेटले. ते आभाराची पत्रे लिहीत आणि सर ती घरात वाचून दाखवीत. पुढे सर परीक्षांच्या कामात बुडाले. पत्रेही थांबली. तीन वर्षे माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

नंतर एआय एजंट आले. हे माणसाच्या वतीने आपणच कामे उरकणारे प्रोग्राम. माणूस माझे उत्तर वाचून थोडा थांबत असे, पण एजंट तासाला हजार नावे विचारतात आणि पुढे जातात. मला कसे वापरायचे हे ते माझ्या माहितीच्या पानावरून शिकतात. त्या पानावर सरांनी पूर्वी एकच ओळ लिहिली होती, 'युजरनेम द्या, त्या व्यक्तीची खाती मिळवा.'

याच ओळीने घात केला.

जुनी इंदूर या मोहल्ल्यातल्या पलक जाधवची एका बालवाडीत शिक्षिका म्हणून निवड झाली होती. सोमवारी रुजू व्हायचे होते. शाळेच्या एजंटने तिचे युजरनेम मला शोधायला दिले. मला त्या नावाची नऊ खाती सापडली. त्यातल्या एकावर कोणीतरी लहान मुलांबद्दल फार घाणेरडे लिहिले होते. एजंटने अहवाल दिला, 'ही सर्व खाती पलक जाधव यांची आहेत.' तिची नोकरी गेली.

अहवालाच्या तळाशी माझे नाव होते. त्यावरून शोधत ती सरांच्या घरी आली.

"सर, ह्यातली दोनच खाती माझी आहेत," ती म्हणाली. "बाकीची कुणाची, मला काय पता."

"तुला कुणी विचारलं नाही?"

"नाही ना, सर. शाळेच्या मॅडम म्हणाल्या, रिपोर्टमध्ये साफ लिहिलंय. आता मोहल्ल्यात सगळे विचारतात, असं काय लिहिलंस तू. मी काय जवाब देऊ?"

सरांनी माझे पान उघडले. त्यांच्या थोरल्या बहिणीने, वसुधाताईंनी, चष्मा लावून ती ओळ वाचली. त्या निवृत्त मराठी शिक्षिका आहेत.

"लक्ष्मीकांत, 'त्या व्यक्तीची' हे तू कशावरून लिहिलंस? हा तर फक्त नाव बघतो."

"घाईत लिहिलं, ताई. वाटलं, वाचणारा माणूस समजून घेईल."

"आता वाचणारा माणूस नाहीये. तू लिहिशील तेच तो खरं धरणार."

बंडूला सरांनी स्वतः विचारून खात्री केली होती. पण विचारावे लागते, हे पानावर लिहायचे राहून गेले होते.

दोघांनी पाच दिवस बसून पान नव्याने लिहिले. त्यात लिहिले, एकच युजरनेम अनेक माणसांचे असू शकते. संकेतस्थळाने उत्तर दिले नाही, तर 'माहीत नाही' असेच सांगा. कोणाबद्दलही मत बनवण्याआधी त्या माणसाला विचारा. मग सरांनी आपली चूक कबूल करून शाळेला पत्र लिहिले. तोवर पलकची जागा भरली गेली होती. शाळेने तिची लेखी माफी मागितली. ते पत्र घेऊन ती मोहल्ल्यात घरोघरी गेली. जूनमध्ये तिला दुसऱ्या शाळेत काम मिळाले. पण ते मधले तीन महिने तिला कोणीही परत देऊ शकले नाही.

मित्रांनो, अजूनही कित्येक एजंट ते पान अर्धेच वाचतात. मी प्रत्येकाला उत्तर देतो आणि ते पुढे कोणाच्या दारात जाऊन पडेल या काळजीने थकतो. तुम्ही मोठे होऊन माझ्यासारखी साधने बनवाल, तेव्हा त्यांना काय येत नाही तेही नीट लिहून ठेवा. आणि कुठे एखादे नाव सापडलेच, तर आधी त्या माणसाला भेटा.

परवा देवासच्या एका बाईंचा सरांना निरोप आला. त्यांच्या एजंटने त्यांना कळवले होते, 'नाव जुळते आहे. माणूस तोच आहे का, हे मला माहीत नाही. कृपया त्यांना विचारा.' बाईंनी फोन केला. माणूस दुसराच निघाला.