हनुवटी आत

“आज तरी पडू नका हो जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या आणि हातातली छत्री त्यांनी फरशीवर दोनदा आपटली.

जावईबापू दाराशी बसून बुटांच्या नाड्या ओवत होते. गुडघ्यापर्यंतचे बूट, एकेकाला अठरा भोकं.

“बघतो,” ते खाली मान घालून म्हणाले.

“बघतो काय? बावीस वर्षं मी बघतेच आहे. घंटा वाजली की तुम्ही आडवे. मग तो बिचारा आत येतो, तुमच्या वाट्याचा मार त्या मेल्यांना परत करतो, आणि तुम्ही कोपऱ्यात कंबर धरून उभे! तो नसता तर तुमचं काय झालं असतं?”

“खरं आहे.”

“नुसतं खरं आहे म्हणू नका. शेवटची कुस्ती आहे आज. एकदा तरी उभं राहून दाखवा.”

जावईबापू हसले. घरात बोलणी खाण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता आणि बाहेर मार खाण्यात तर त्यांना तोडच नव्हती.

भिंतीवरच्या पोस्टरांवर या जोडीचं नाव ‘तोफ आणि तटबंदी’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असे. तोफ म्हणजे सासूबाईंचा तो बिचारा. रुंद छातीचा, झुपकेदार मिशांचा, नुसता हात वर केला तरी लोकांनी शिट्ट्या माराव्यात असा. तटबंदी म्हणजे हे जावईबापू. पण तटबंदी हे नाव पोस्टरवर शोभतं, कपडे बदलायच्या खोलीत ते कोण घेत बसणार? तिथे सगळे त्याला गादी म्हणत. त्याच्याशी लढताना कुणाला कधी इजा झाली नव्हती, आणि कुणी कसंही फेकलं तरी तो असा पडे की बघणाऱ्याचा श्वास अडकावा आणि पडणाऱ्याचं एक हाड हलू नये. नाव चेष्टेने पडलं खरं, पण बावीस वर्षांत त्याला मानाची झाक आली होती. गादीसमोर लढायला मिळावं म्हणून नवे गडी खेळाच्या मालकाच्या मागे लागत.

जोडीच्या कुस्तीची रीत साधी असते. दोघांपैकी एक दोरांच्या आत, दुसरा बाहेर कोपऱ्यात. आतल्याने बाहेरच्याच्या हाताला हात लावला की आतला बाहेर आणि बाहेरचा आत. गादी नेहमी आधी आत जाई. बारा मिनिटं मार खाई. मग गुडघ्यांवर रांगत आपल्या कोपऱ्याकडे निघे. तोफ दोरांवरून ओणवा होऊन हात पुढे करी. बोटं बोटांपाशी यायची आणि समोरचा गादीचा पाय धरून त्याला मागे ओढायचा. असं दोनदा. तिसऱ्या वेळी टाळी वाजे, तोफ आत उडी घेई आणि हॉलमधून अशी आरोळी उठे की छताचे पत्रे थरथरत. त्या आरोळीचा बाप गादी होता. पण ती त्याच्याकडे बघून कधीच उठली नव्हती. ती उठे तेव्हा तो फळ्यांवर पालथा पडून धापा टाकत असे आणि तसाच, ओठ न हलवता, तोफेला सांगत असे, “आधी डावा. मग दोर. मग उचल.” कारण तोफेची छाती कपाटाएवढी असली तरी डोक्यात काही टिकत नसे.

आणि या धंद्याचा एक नियम होता. कोण जिंकणार, कोण पडणार, हे आधी ठरलेलं असतं, ही गोष्ट बाहेर बोलायची नाही. घरीसुद्धा नाही. गादीने तो नियम देवाच्या शपथेसारखा पाळला. बायको गणिताची शिक्षिका होती. दोन हजार कुस्त्यांत दर वेळी एकच माणूस आधी कसा मार खातो, हा हिशोब तिला जमला नसेल असं नव्हतं, पण तिने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. सासूबाईंचा मात्र सगळ्यावर ठाम विश्वास. जवळपासच्या प्रत्येक खेळाला त्या पहिल्या रांगेत छत्री घेऊन हजर असत, समोरच्या गड्यांना शिव्याशाप देत आणि घरी येऊन जावयाची हजेरी घेत. पडणं हेच जास्त कठीण काम आहे, हे वाक्य बावीस वर्षं गादीच्या जिभेच्या टोकावर होतं. ते त्याने चहाबरोबर गिळलं होतं.

एक सुख होतं. खेळाहून घरी आलं की खुर्चीत गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असे, जुन्या टॉवेलात गुंडाळून. नेमकी त्या दिवशी जिथे लागलं असेल तिथेच. कधी कमरेला, कधी डाव्या खांद्याला. बायकोला कसं कळतं कोण जाणे, असं त्याला वाटे आणि तो पाठ टेकून डोळे मिटून घेई.

दुपारी तीनचा खेळ होता. कपडे बदलायच्या खोलीत तोफ बाकावर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. या गुडघ्यापायीच दोघं थांबत होते. एकाशिवाय दुसरा लढणार नव्हता, त्यामुळे त्यावर चर्चाही झाली नव्हती.

“कसं ठरलंय?” तोफेने विचारलं. सकाळपासून चौथ्यांदा.

“नेहमीसारखं. आधी मी. मग तू. मग परत मी, आणि हिरवा माझे खांदे टेकवणार.”

समोर हिरव्या आणि निळ्या चड्डीतले दोन नवे गडी होते. चांगले होते. आणि जाणाऱ्याने जाताना पाठीवर पडायचं, येणाऱ्याला जिंकवून जायचं, ही जुनी रीत होती. म्हणजे लोकांची माया वाया जात नाही, पुढच्याच्या पदरात पडते. पाठ कोणाची टेकायची हे कोणी विचारलंही नव्हतं. गादी असताना दुसऱ्याची पाठ कशाला?

“सासूबाई म्हणत होत्या,” गादी नाडी आवळत हसला, “एकदा तरी उभं राहून दाखवा.”

त्याने थट्टेनेच सांगितलं होतं. पण म्हणता म्हणता आवाज थोडा बसला. ती आरोळी एकदा आपल्याकडे बघून उठावी, आणि म्हातारीने ती बघावी, एवढं एकच त्याला हवं होतं. आजवर कबूल करायची वेळ आली नव्हती. आणि आजनंतर तशी वेळ येणार नव्हती.

तोफेची पट्टी गुंडाळून संपली होती, तरी तो गुंडाळतच राहिला.

“कुठे बसल्यात त्या?”

“पहिल्या रांगेत. छत्रीसकट.”

“हं,” तोफ म्हणाला.

घंटा वाजली. गादी दोर ओलांडायला वाकला, तर तोफ आधीच आत उभा.

“अरे, चुकलास! आधी मी.”

“आज आधी मी.”

“तुला पडता येत नाही!”

“बावीस वर्षं समोर उभा राहून बघतोय की.”

“काठावर उभं राहून पोहता येतं का लेका?”

पण तोवर निळ्याने तोफेला कमरेत धरलं होतं. निळाही गोंधळलेला होता, त्याने डोळ्यांनीच गादीला विचारलं, काय करू? गादी काय सांगणार! निळ्याने तोफेला उचलून टाकलं.

तोफ पडला, म्हणजे आधी कोपर आपटलं, मग कुल्ला, मग डोकं. जिन्यावरून कपाट गडगडत यावं तसा आवाज झाला. पहिल्या रांगेतली माणसं उभी राहिली. इतका खरा मार त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“हनुवटी आत!” गादी ओरडला. “श्वास सोड! हात आपट!”

लोकांना वाटलं, जोडीदाराला धीर देतोय. तेही ओरडू लागले.

दुसऱ्यांदा हिरव्याने टाकलं आणि तोफ उठलाच नाही. पंच गुडघ्यावर बसला आणि त्याने तोफेचा हात हातात घेतला. ही आतली खूण होती. हात एकदा दाबला म्हणजे ठीक आहे. पंचाने कोपऱ्याकडे बघून मान अगदी किंचित हलवली. नाही. हात दाबला नव्हता.

बाराशे माणसं ओरडत होती आणि गादीला एकही आवाज ऐकू येत नव्हता. आपण सकाळची ती गोष्ट सांगितली नसती तर? दोर सोडून आत धावायला त्याने पाय उचलला, तेवढ्यात पंचाची मान पुन्हा हलली. या वेळी वरखाली.

आणि तोफ रांगू लागला. पण त्याला कुठे माहीत की रांगायचं कसं! सुटती बस पकडायला धावावं तसा तो थेट कोपऱ्याकडे सुटला आणि हात पुढे केला. गादीच्या हातापासून वीतभर अंतर. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वीतभर अंतरावर होतं.

गादीने हात मागे घेतला.

“लवकर आलास,” तो ओठ न हलवता म्हणाला. “अजून लोक तापले नाहीत. परत जा.”

“मरतोय मी!” तोफ कण्हला.

“आणखी थोडा मर.”

हिरवा शहाणा होता. त्याने झडप घालून तोफेचा पाय धरला आणि ओढत मध्यावर नेला. आता सगळा हॉल पाय आपटू लागला. तोफ पुन्हा निघाला. या वेळी खरोखरच हळू, कारण अंगात त्राण नव्हतं. बोटं बोटांना लागता लागता निळ्याने ओढलं. आणि मग कुठूनतरी मागच्या रांगेतून एकाने सुरुवात केली, “तट-बंदी! तट-बंदी!” बघता बघता बाराशे तोंडांतून ते नाव येऊ लागलं. एवढं लांबलचक नाव, पण कुणालाच जड गेलं नाही. त्या गदारोळातून एक चिरका आवाज गादीच्या कानात सुईसारखा शिरला.

“अहो जावईबापू! उभे काय राहिलात!”

तिसऱ्या वेळी टाळी वाजली.

गादी दोरांवरून आत उतरला आणि ती आरोळी उठली. पालथं पडून ऐकताना ती पाठीला लागायची. समोरून ती छातीला येऊन भिडली. त्याला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्हींना वेळ नव्हता. तोफेचे सगळे डाव त्याला पाठ होते, त्यानेच तर ते वर्षानुवर्षं जमिनीवरून सांगितले होते. आधी डावा. मग दोर. मग उचल. निळ्याला त्याने खांद्यावर घेऊन दोन गिरक्या दिल्या आणि असा अलगद ठेवला की निळा पडता पडता पुटपुटला, “काका, झकास!” हिरवा आला, त्याला दोरांवरून बाहेर काढला. पन्नाशीच्या माणसाने दोन्ही हात वर केले. लोकांनी खुर्च्या सोडल्या. आया पोरांना खांद्यावर घेत होत्या. पहिल्या रांगेत एक छत्री उघडून गोल गोल फिरत होती, आणि मागची माणसं एरवी ओरडली असती, पण आज कोणी काही बोललं नाही.

पोटभर झालं, असं गादीला वाटलं. रीत ती रीत. हिरवा परत आत आला तसा तो त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, “चल, उचल मला. आता तुझं.”

तेवढ्यात त्याच्या पाठीवर थाप पडली. हाताऐवजी पाठीवर थाप पडली तरी चालते, नियमात बसतं. दोरांपलीकडे तोफ एका पायावर उभा होता. ओठ सुजला होता, मिशीचं एक टोक खाली आलं होतं.

“बाहेर हो,” तोफ म्हणाला.

“अरे, माझं काम आहे ते.”

“आज पाठ माझी.”

“मूर्खा, मान मोडशील.”

“मग नीट सांग.”

भांडायला जागा ती नव्हती. गादी बाहेर आला. हिरव्याने तोफेला उचललं, पार डोक्याच्या वर. गादीने दोर घट्ट धरला आणि एवढंच म्हणाला, “हनुवटी.”

धप्प.

सपाट, स्वच्छ, एकच आवाज. हनुवटी छातीला, दोन्ही तळहात एकदम फळ्यांवर, श्वास बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, तोफ व्यवस्थित पडला. हिरव्याने त्याचे खांदे दाबून धरले आणि पंचाने तीन मोजले. हिरवा आणि निळा जिंकले. हरलेल्या जोडीतला एक जण त्या वेळी पाठीवर होता आणि एक उभा होता, आणि लोक कितीतरी वेळ दोघांसाठी टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी चहाला तोफ घरी आला. खुर्चीत बसताना त्याने असा काही आवाज काढला की गादीच्या बायकोने किटली खाली ठेवली. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक गरम पाण्याची पिशवी होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. गादी बायकोकडे बघतच राहिला. तिने मान हलवली. मी नव्हे, कधीच नव्हते.

सासूबाईंनी एक पिशवी तोफेच्या कुल्ल्यापाशी खोचली.

“तिसऱ्यांदा बरे पडलात,” त्या म्हणाल्या. “पण आधीच्या दोन्ही वेळा हनुवटी कुठे होती तुमची? बावीस वर्षं आमच्या जावईबापूंना बघितलं नाहीत का? ते कसे पडतात!”

बायकोनेच विचारलं, “आई, अगं मग इतकी वर्षं त्यांना घालूनपाडून बोलत होतीस ती?”

“पडणाऱ्याला कोणी बोललंच नाही, तर त्याचं पडणं लोकांना खरं कसं वाटणार?”

गादीने तोंड उघडलं.

“बोलू नका,” सासूबाई म्हणाल्या. “बावीस वर्षं बोलला नाहीत, आता कशाला?”

दुसरी पिशवी त्यांनी त्याच्या उजव्या खांद्यामागे ठेवली. निळ्याला उचलताना तोच भरून आला होता. मग त्या कप विसळायला आत गेल्या. गादी पाठ टेकून बसला आणि कोणाला चेहरा दिसू नये म्हणून त्याने हनुवटी आत घेतली.