मिठाच्या पाण्याचा डिमर

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही तर लोणच्याची बरणी! तुमचं अगदीच चुकणार नाही. चिनी मातीच्या तीन बरण्या, एक फणसाची फळी, तीन दोऱ्या आणि लोखंडाच्या सहा पट्ट्या, एवढाच माझा संसार. पण मी आहे डिमर. नाटकात दिवा हळूहळू उजळतो आणि हळूहळू मावळतो ना, ते काम माझं.

मला ह्युबर्टने बनवलं. तो जहाजावर वायरमन होता. नोकरी संपल्यावर वेंगुर्ल्याजवळच्या आपल्या गावी आला आणि नाट्यमंडळाचे दिवे सांभाळू लागला. विकतचा डिमर मंडळाला झेपण्यासारखा नव्हता, म्हणून त्याने बायकोच्या, लुईझाच्या, बरण्या पळवल्या. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. पण पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेत मात्र तीच बसली होती.

माझी रीत साधी. बरणीत विहिरीचं पाणी आणि चिमूटभर मीठ. एक पट्टी तळाशी, दुसरी दोरीला. दोरी सोडली की पट्टी खाली जाते आणि दिवा वाढतो. ओढली की दिवा मंदावतो. मीठ थोडं जरी जास्त पडलं तरी पाण्यातून फार वीज वाहते आणि माझा ताबा सुटतो. हे घरी करून पाहू नका हं, मित्रांनो. वीज कुणाची मावशी नसते.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एके दिवशी समीक्षा आली. तिचे वडील दत्तप्रसाद काजूचे बागायतदार, आणि नाटकात हटकून राजा. वडिलांसोबत तालमीला आलेली ही पोर रंगमंचाकडे पाहायची सोडून माझ्याकडेच पाहत राहिली. ह्युबर्टने तिच्या हातात दोरी दिली.

"मीठ चिमटीभर, हात सुको आणि नजर दिव्यार," तो म्हणाला. "कळला मगे, चेडवा?"

चेडवाला, म्हणजे पोरीला, कळलं. ती पहाटे जेटीवर जाऊन उजाडताना पाहायची आणि संध्याकाळी तेच उजाडणं माझ्याकडून करून घ्यायची. तिच्या हाताखाली मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण बरण्या नाही, आपण कुणीतरी आहोत. खोटं कशाला सांगू, मला गर्व झाला.

एका स्पर्धेत परीक्षक किशोरीताई नाटक संपल्यावर थेट विंगेत आल्या. "ही पहाट कोणत्या यंत्रावर केलीत?" त्यांनी विचारलं. ह्युबर्टने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या हसल्या नाहीत. समीक्षाला त्यांनी जवळ बसवलं आणि सांगितलं, की हे शिकवणाऱ्या शाळा आहेत. तिथे प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी, रंगमंचाची यंत्रं असं सगळं तीन-तीन वर्षं शिकवतात. पुढे नाटकांना तर माणसं लागतातच. पण वस्तुसंग्रहालयांना, गाण्याच्या मैफिलींना, प्रदर्शनांना, दूरदर्शनलाही लागतात. "हात तुझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "आता त्यामागचं शास्त्र शिक. अर्ज कर."

घरी काय झालं ते समीक्षानेच दुसऱ्या दिवशी ह्युबर्टला सांगितलं. दत्तप्रसाद म्हणाले होते, "दिवे लावूक तीन वर्सां शाळेत जावचा? आमच्या घरात दिवे लावणारे काय कमी झाले?" पण लेक हट्टाला पेटली. अर्ज गेला आणि मुलाखतीचं पत्रही आलं. ते पत्र दत्तप्रसादांनी आख्ख्या बाजाराला दाखवलं. राजाची भूमिका करणाऱ्या माणसाला तेव्हा प्रथमच खरोखर राजा झाल्यासारखं वाटलं असावं.

मुलाखत गुरुवारी होती. त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी, समुद्रकाठच्या मांडावर, म्हणजे गावाच्या उत्सवाच्या जागेवर, मंडपात आमचा प्रयोग होता. आमच्याकडे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नाटक सुरू होत नाही. मंडळाचे म्होरके दाजी गाऱ्हाणं घालत होते, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. ह्युबर्ट आणि समीक्षाही तिथेच हात जोडून उभे होते.

माझ्याजवळ फक्त दत्तप्रसाद आले. अंगावर राजाचा पोशाख आणि हातात दोन बादल्या. माझ्या बरण्या अजून रिकाम्या होत्या. ह्युबर्टने घरच्या विहिरीचं पाणी कॅनमधून आणलं होतं, पण तो कॅन माझ्या टेबलाखाली होता. तो त्यांना दिसला नाही. "मिठाचा पाणीच होया मगे? दर्या काय लांब नाय," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी समुद्राचं पाणी माझ्यात ओतलं. चेहरा कसा उजळला होता! लेकीच्या कामाला पहिल्यांदाच आपला हात लागला, याचाच तो आनंद होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

समीक्षा आली. पाणी ह्युबर्टने भरलं असं तिला वाटलं. तिने प्रत्येक बरणीत चिमूटभर मीठ टाकलं. ह्युबर्टला वाटलं, पाणी तिनेच भरलं. एरवी पडद्याआड एकदा दिवे लावून पाहत. पण पाहुणे ताटकळले होते, दाजींनी घंटा दिली.

पट्टीचं टोक पाण्याला लागताच सगळे दिवे भगभगून लागले. समीक्षाने दोरी ओढली. ठिणग्या उडाल्या, पाणी उकळून बाहेर उसळू लागलं. ह्युबर्टने तिला ढकललं आणि मेन स्विचकडे हात टाकला. माझी मधली बरणी फुटली. ओल्या टेबलावर ह्युबर्टचा उजवा हात पडला आणि मंडपात किंकाळी उठली.

ह्युबर्ट वाचला. त्याची तीन बोटं वाचली नाहीत.

समीक्षा इस्पितळात त्याच्या पायाशी बसून एकच म्हणत राहिली, "मीठ माज्याकडसून जास्त पडला." तो म्हणाला, "तुजी चूक नाय गो." तिला वाटलं, हा आपलं मन राखतोय. गुरुवार आला आणि गेला. ती मुलाखतीला गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात ती हिशेबनीस झाली. मला मंडळाच्या खोलीत ढकलून दिलं. नाटकांना आता बाहेरून भाड्याचे दिवे येतात, सोबत बटणं दाबणारी माणसंही येतात.

आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात ह्युबर्ट वारला. मंडळाने खोली आवरायला काढली, तेव्हा दत्तप्रसाद आणि समीक्षा दोघंही आली. तिने माझ्यावरची धूळ पुसली. तिचा हात माझ्या काठावर असताना वडील म्हणाले, "समीक्षा, त्या दिवशी पाणी मी भरलंय. दर्याचा."

तिने काठावरचा हात काढून घेतला.

"ह्युबर्ट अंकलाक म्हायत होता?"

"तोंडार उडालेला पाणी तेना चाखल्यान होता. माका इचारल्यान, मी कबूल केलंय. माका म्हणालो, चेडवाक तूच सांग. दर वेळी भेटलो काय तां एकच इचारी. माज्या तोंडातसून शब्द फुटाक नाय."

"बाबानू, आजूनय मी जेवणात मीठ हातान घालूक नाय," समीक्षा म्हणाली. "चमच्यान घालतंय. पाण्याचा माका काय वाटणा नाय. चुकीन झाला. पण गुरुवारच्या आधी एकदा सांगल्यात असतात तर मी गेलंय असतंय."

दत्तप्रसादांनी अर्ज पुन्हा करण्याबद्दल काहीतरी विचारलं. "वयाच्या अटीत आता बसणंय नाय," ती म्हणाली आणि बाहेर पडली. ते मागून गेले नाहीत. माझ्यापाशीच खाली बसले आणि पोरासारखे रडले. त्यांचा मला राग होता, मित्रांनो. त्या दिवशी तोही धरवेना.

उद्या भंगारवाला येईल. माझं सोडा, माझं आयुष्य झालं. पण कुणाच्या कामाला प्रेमाने हात लावाल, तेव्हा आधी त्याला विचारा. आणि हातून चूक झालीच, तर ती त्याच दिवशी सांगून टाका. तुम्ही गप्प बसलात, तर ती चूक दुसऱ्या कुणाला तरी आपलीच वाटत राहते.