सज्जनरावांना हाणा!

आधी एक बुक्की मारून घ्या, मग बोलू. अहो, संकोच कसला? मार खाण्यासाठीच जन्मलेला बाहुला बोलतोय मी! दर रविवारी बत्तीस मुली मला बडवतात, आणि खरं सांगू? मला त्यात भलतीच मजा येते.

माझा जन्म शिवणाच्या दुकानात झाला. अंगाला जुन्या पडद्याचं जाड कापड, पोटात पोतंभर कातरण, कण्याला बांबू आणि पायांच्या जागी सिमेंट भरलेली बादली. म्हणजे पळून जायची सोयच नाही! मला शिवलं त्या बाईंना सगळे आई म्हणतात. त्यांची एकुलती एक लेक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वर्गातला एक मुलगा महिनोन्‌महिने तिच्या मागावर होता. ओळखीचाच आहे, उगाच बोभाटा कशाला, म्हणून ती गप्प राहिली. त्यानं तिला मारून टाकलं.

वर्षभर आई मशीनवर बसल्या नाहीत. मग लेकीची हॉस्टेलमधली मैत्रीण आली. ही आमची ताई, कराटेत तरबेज. म्हणाली, "आई, तिच्या नावानं आपण मुलींना शिकवू या." आई म्हणाल्या, "मला शिवण्यापलीकडे काय येतंय गं?" आणि मला शिवायला घेतलं.

पण जन्मभर लहान मुलांच्या बाहुल्या शिवलेला हात तो! माझे गाल झाले गुबगुबीत आणि तोंड हसरं. पहिल्याच रविवारी फजिती. पहिल्या मुलीनं मला गुद्दा हाणला आणि लगेच म्हणाली, "सॉरी हं काका, लागलं का?"

ताईनं कपाळावर हात मारून घेतला. "आई, याला मिशा लावा, डोळे लाल करा! हा तर पत्ता विचारला की घरापर्यंत सोडायला येईल असा दिसतोय."

आईंनी सुईत दोरा ओवला आणि तशाच थांबल्या. "राहू दे हसरा. तोही असाच हसायचा. आमच्या घरी चहा पिऊन गेलाय तो."

पोरींच्या वळलेल्या मुठी खाली आल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मग याचं नाव सज्जनराव!" झालं, सगळ्या खो खो हसत सुटल्या. आईसुद्धा हसल्या हो, वर्षभरानं!

आमचा पहिला धडा ओरडण्याचा, दुसरा घडलेलं सांगून टाकण्याचा, गुद्दे तिसऱ्या नंबरावर. पहिल्या दिवशी त्या आरडाओरड्यानं शेजारच्या घड्याळवाल्याचे सगळे स्क्रू सांडले. हल्ली तो रविवारी कानात कापूस घालून बसतो.

फक्त एकीचा आवाज फुटेना. तिला आम्ही हळूबाई म्हणायचो. ती मला मारायची म्हणजे माझ्यावरची धूळ झटकायची! एकदा माझा उसवलेला कान शिवता शिवता ती कानातच पुटपुटली, "दादाचा मित्र रोज क्लासबाहेर उभा असतो. चल सोडतो म्हणून मागेच लागतो. मला भीती वाटते. घरी कोण खरं मानेल?"

अगं बाई, मला कशाला सांगतेस! माझं तोंड शिवलेलं. आठवडाभर जीव नुसता कासावीस झाला.

पुढच्या रविवारी एकतीसच मुली आल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आई दारातून हलेनात. ताई फोनवर फोन लावत होती, तो सारखा बिझी. आई गळ्यातली मापाची टेप बोटाला गुंडाळत होत्या, पुन्हा सोडत होत्या.

आणि आली! केस सुटलेले, पायात एकच चप्पल. "आई! त्यानं आज माझा हात धरला. मी ओरडले! भर चौकात! भाजीवाल्या तराजू टाकून धावल्या, बस थांबली, तो पळाला. मग दादाला फोन करून सगळं सांगितलं. आधी का नाही बोललीस म्हणून तो रडायलाच लागला. निघालाय तो इकडे!"

हे ती एवढ्या मोठ्यानं सांगत होती की कानात कापूस असूनही घड्याळवाला धावत आला! मग काय, पोरींनी नाचत नाचत मला असं बुकललं की विचारू नका. आईंनी चष्मा काढून ताईकडे दिला. माझ्या अंगाला त्यांनी आजवर सुईशिवाय काही लावलं नव्हतं. त्यांनी असा ठोसा हाणला की माझं पोट टर्रकन फाटलं. कातरण उडत होतं आणि आई हसत होत्या, रडत होत्या, मारत होत्या. "सांगितलंन गं हिनं," एवढंच म्हणत होत्या.

संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा शिवलं. "फार लागलं का रे?" म्हणाल्या. अहो आई, मला कसलं लागतंय! मी फाटलो की टाके घालता येतात. तुमच्या लेकीला ते घालता आले नाहीत, म्हणून तर मी आहे.

तेव्हा पोरींनो, या. मनसोक्त हाणा, दात पाडा, तेही आई नवे लावतील. पण मनातली भीती माझ्या कानात सांगू नका. मी कापडाचा आहे गं. जित्याजागत्या माणसाला सांगा आणि आजच सांगा.