बाळकुमच्या गच्चीवरचा लाल मेघ

मी एक कॅमेरा आहे आणि मला सगळी माणसं लाल दिसतात. साखरपुड्याचे फोटो हवे असतील त्यांनी माझ्याकडे येऊ नये. नवरा, नवरी, भटजी, अक्षता, सगळं एकाच रंगात येईल. जन्मापासून मी असा नव्हतो. माझ्यावर एक शस्त्रक्रिया झाली. ती कुणी केली आणि कशासाठी, तेच सांगायला बसलोय.

जन्म जपानातला, पण तिथलं काही आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो डोंबिवलीत, एका फोटो स्टुडिओत. मालकाचं नाव प्रफुल्ल. नऊ वर्षं मी त्याच्या गळ्यात लटकलो. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, आणि गावागावांतल्या हळदी, ज्यांत नवऱ्यापेक्षा नाचणाऱ्यांचेच फोटो जास्त निघत. माणसं फोटोसाठी उभी राहिली की पोट आत घेतात, आणि अल्बम आला की प्रत्येक जण आधी स्वतःलाच शोधतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझं पोट त्यावरच चालत होतं.

मग प्रफुल्लने नवा कॅमेरा घेतला. वजनाला हलका, व्हिडिओला चांगला. मी कपाटाच्या खालच्या खणात गेलो, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. दोन पावसाळे तिथेच काढले. माझ्या लेन्सला बुरशी लागली. शेवटी त्याने नव्या कॅमेऱ्यानेच माझा फोटो काढला आणि जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकला.

मला बघायला कांता भोईर आल्या. वय अठ्ठावन्न, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा दोरीला बांधलेला. प्रफुल्लला वाटलं, नातवासाठी घेत असतील. त्याने तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "नाही. मला हा उघडायचाय."

प्रफुल्ल हसला. मला मात्र धडकी भरली.

कांताताई एकतीस वर्षं नौपाड्यातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढत होत्या. नोकरीच्या सुरुवातीला फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. पाण्यातून हळूहळू बरगड्या वर यायच्या. डोळ्याला दिसत नाही ते फिल्मवर येतं, ही गोष्ट त्यांच्या हाडामांसात मुरलेली होती. निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना तेजोमेघाचा फोटो दाखवला. ताऱ्यांच्या मध्ये पसरलेला वायूचा प्रचंड ढग, ज्यातून नवे तारे जन्मतात. हे आपल्यालाही काढता येईल का, असं त्यांनी तिथल्या तिथे विचारलं.

येईल, पण अंधारासाठी मुरबाडच्या पलीकडे जावं लागेल, असं जाणकारांनी सांगितलं. ठाण्यात अशक्य. आणि कांताताईंना तर रात्रीची घराबाहेर जायची सोयच नव्हती. नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला. घरात त्या आणि सासरे गुणाजी, दोघंच. गुणाजीबाबा चौऱ्याऐंशीचे. उभी हयात खाडीकाठच्या मिठागरात गेलेली. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर कडेकडेने खात आणली होती. आता समोरचं तेवढं, नळीतून बघावं तसं दिसायचं. रोज रात्री नऊच्या ठोक्याला त्यांच्या डोळ्यांत औषध घालावं लागे आणि ते काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

म्हणून ठरलं, की जे काढायचं ते बाळकुममधूनच. इमारतीच्या गच्चीवरून.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्यांनी मला उघडलं. माझे स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवले, प्रत्येक खड्ड्याला नंबर दिला. माझ्या आतल्या डोळ्यापुढे एक पातळ काच होती. माणसांचे चेहरे गोरेगोमटे यावेत म्हणून ती गडद लाल प्रकाश अडवून धरायची. पण तेजोमेघ नेमके त्याच लाल रंगात उजळतात. कांताताईंनी ती काच काढली. चार तास लागले. मध्ये एकदा त्यांनी पेचकस खाली ठेवला, चहा केला, बाबांना दिला, स्वतः प्यायल्या आणि पुन्हा बसल्या. असा स्थिर हात मी लग्नातल्या मेंदीवाल्यांचासुद्धा पाहिलेला नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा समोर कांताताई होत्या, आणि लाल होत्या.

बाळकुमचं आकाश रात्री काळं होत नाही. माजिवड्याचे दिवे, घोडबंदर रोडचे टॉवर, कशेळीचा पूल, जाहिरातींचे फलक, या सगळ्यांचा उजेड वर जाऊन साचतो आणि आकाश गढूळ चहासारखं दिसतं. नुसत्या डोळ्यांनी तारे मोजले तर दोन्ही हातांची बोटं पुरतात. कांताताईंनी मला एका छोट्या दुर्बिणीला जोडलं आणि मध्ये बिस्किटाएवढी एक काच बसवली. ही काच तेजोमेघाचे दोनच रंग आत सोडते, एक लाल आणि एक निळसर हिरवा. रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड दारातच अडतो. खाली एक यंत्र होतं. पृथ्वी फिरते तसं ते मला उलट फिरवायचं, म्हणजे तारा जागचा हलत नसे.

आमचं लक्ष्य होतं मृग नक्षत्राच्या पूर्वेचा एक गोल, गुलाबाच्या फुलासारखा तेजोमेघ. जानेवारीत तो आठ वाजता चांगला वर आलेला असतो. पाच-पाच मिनिटं डोळा उघडा ठेवून मी पहिल्या रात्री तीस फोटो काढले. त्यांत काय होतं? करडा उजेड आणि चार ठिपके. मला लाज वाटली. कांताताईंनी मात्र तो प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "येईल."

असे शेकडो फोटो एकावर एक रचले की खरी गोष्ट दर फोटोत तिथेच राहते आणि खोट्या कणांची कुरकुर पुसली जाते, हे मला नंतर कळलं. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. रोज आठला वर, नऊला औषधासाठी खाली, पुन्हा वर, अकराला आवरायचं. लिफ्ट बंद असली तर मला पोटाशी धरून अकरा मजले.

मग तक्रार झाली. समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी लिहून दिलं की तुमच्या गच्चीवरची बाई रात्री आमच्या खिडक्यांचे फोटो काढते. सोसायटीचे सेक्रेटरी महेंद्र केणी. माणूस वाईट नव्हता, पण कागद आला की घाबरणारा. त्यांनी गच्चीला कुलूप लावलं आणि वर मोठा दिवा बसवला.

त्या संध्याकाळी कांताताई जेवल्या नाहीत. एकतीस वर्षं लोकांनी विश्वासाने त्यांच्यासमोर अंगावरचे कपडे उतरवले होते. आणि आज त्यांच्यावर खिडक्यांत डोकावल्याचा आळ आला होता.

सोसायटीच्या सभेला त्या मला आणि लॅपटॉप घेऊन गेल्या. तक्रार करणारे गृहस्थही आले होते. कांताताईंनी वाद घातला नाही. पहिल्या दिवसापासूनचे एकशे ऐंशी फोटो एकेक करून दाखवायला लागल्या. करडा उजेड, ठिपके. करडा उजेड, ठिपके. पन्नासाव्या फोटोला लोक चुळबुळ करू लागले.

महेंद्र म्हणाले, "ताई, हे सगळे एकसारखेच आहेत."

"हो. म्हणूनच इतके काढावे लागतात," त्या म्हणाल्या, आणि तोवर रचून झालेला फोटो त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर लावला.

फार स्पष्ट नव्हता. कडा धूसर होत्या, खालचा भाग जवळजवळ नव्हताच. पण काळ्यावर एक लाल कडं फुललेलं होतं आणि मध्ये चार-पाच कोवळे तारे. महेंद्र उठून पडद्याजवळ गेले. हे आपल्या गच्चीवरून काढलंय का, असं त्यांनी दोनदा विचारलं. तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी माफी मागितली नाही, पण तक्रारीचा कागद परत घेऊन, घडी घालून खिशात ठेवला.

कुलूप निघेल आणि रोज आठ ते अकरा दिवा बंद राहील असं ठरलं. फक्त एक अडचण होती. एक मार्चपासून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम सुरू होणार होतं. उरले जेमतेम तेवीस दिवस, त्यांत ढग, धुकं, चंद्र. शेजारच्या मैदानात एक हळद लागली आणि तिथल्या लेझरच्या झोतांनी दोन रात्री जवळजवळ वाया घालवल्या. माझ्या जुन्या यजमानांवर मी पहिल्यांदा चिडलो. कांताताई चिडल्या नाहीत. खुर्ची घेऊन गाणी ऐकत बसल्या आणि आवाज थांबला तसे शेवटचे सहा फोटो काढून घेतले. अठ्ठावीस फेब्रुवारीला आमचे बावीस तास भरले.

नौपाड्यातून त्यांनी तो फोटो मोठा छापून आणला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांना एका वेळी पोळीएवढाच तुकडा दिसायचा. ते वाकले, नाक कागदाला टेकेल इतके. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि शेतात नांगर फिरावा तशी नजर ओळीओळीने खाली आणली. अर्धा तास लागला. कांताताई शेजारी उभ्या होत्या.

मग बाबा म्हणाले, "आमी मिठागरान बांदाव निजाचो. तवा एवरा कालोख व्हता, पन ह्यो नाय दिसला. न आथा एवऱ्या उजेरान दिसला."

कांताताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसत होत्या.

गणपतीच्या आसपास बाबांची उरलीसुरली नजरही गेली. तो फोटो त्यांच्या खाटेशेजारी भिंतीवर आहे. कुणी भेटायला आलं की बाबाच समजावून सांगतात. इथे कडं, इथे पोकळी, इथे कोवळे तारे. बोट बरोबर जागेवर पडतं.

आता माझ्याविषयी. या नोव्हेंबरात आम्ही शर्मिष्ठा तारकासमूहातला हृदयाच्या आकाराचा तेजोमेघ धरला होता. सहा तास झाले आणि डोळ्याची उघडमीट करणारा माझा शटरचा पडदा फाटला. कल्याणच्या कारागिराने तपासून सांगितलं, याचा भाग आता बनत नाही. कांताताईंनी मला परत आणलं, सुती कपड्याने पुसलं आणि काचेच्या कपाटात, बाबांच्या खोलीत ठेवलं. या वेळी सोबत चार्जरांचा गुंता नाही.

टेबलावर नवा कॅमेरा आलाय. खास आकाशासाठीच बनवलेला, अंगात पंखा, नखरे फार. हृदयाचं काम तो पुरं करणार आहे. माझे सहा तास कांताताईंनी टाकून दिलेले नाहीत. त्याचा उजेड माझ्या उजेडावरच रचला जाईल आणि पूर्ण फोटोत कुठला कण कुणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्यासारख्याला याहून काय हवं?

आज आठ वाजता त्या त्याला वर नेतील. नव्या गड्या, जाता जाता एवढंच सांगतो. पहिल्या फोटोत काही दिसणार नाही. तिसाव्यातही नाही. तुला स्वतःची लाज वाटेल. वाटू दे. बाईंचा चेहरा बघ, त्या "येईल" म्हणतील. तू फक्त डोळा उघडा ठेव.