बकऱ्यानं अंग झाडलं

बकरा काही केल्या अंग झाडेना. म्हाताऱ्या किरपूनं तांब्यातलं पाणी पुन्हा त्याच्या पाठीवर शिंपडलं, खिंडीकडं तोंड करून हात जोडले, देवीला विनवलं. बकरा ढिम्म. जबडा हलवत उभा, जणू कुणाचं लग्न बघायला आलाय.

"अंग झाडत नाही, म्हणजे देवी नको म्हणतेय," किरपू म्हणाला. "होकार येईतोवर कळप हलायचा नाही."

सुनेच्या, नोखीच्या, तोंडचं पाणी पळालं. तिच्या मांडीवर तान्ह्या बिंदोची छाती भात्यासारखी चालली होती. पोरीनं कालपासून दूध ओढलं नव्हतं. दवाखाना खिंडीपलीकडच्या पहिल्या गावात. अलीकडं नुसते दगड.

"बापू, पोर जाईल हो माझी!"

"अगं, मला कळत नाही का? नात आहे ती माझी. पण देवीला डावलून गेलेल्यांची हाडंसुद्धा सापडत नाहीत."

नोखीनं नवऱ्याकडं पाहिलं. ध्यानू मान खाली घालून दोर वळत बसला होता. मेंढ्यांपुढं हा वाघ, आणि बापापुढं पार मेंढी!

ती खालच्या चहाच्या मळ्यांकडची. गद्दी मेंढपाळाच्या घरी पडली, पण कळपाबरोबर यंदा पहिल्यांदाच आलेली. उन्हाळ्यात याच वाटेनं वर येताना ती वेडावली होती. गुडघाभर फुलं, पोटभर दूध, आणि माथ्यावरचं ते पांढरं शुभ्र बर्फ! घरी गेल्यावर आईला काय सांगू नि काय नको, असं झालं होतं तिला. तेव्हा डोंगर माहेर वाटला होता. थंडी पडली नि त्याची सासू झाली. आणि मेला अजूनही देखणाच दिसत होता, त्याचाच तिला जास्त संताप येत होता.

किरपू धूप आणायला सामानाकडं वळला. ध्यानू भरकटलेल्या मेंढीमागं गेला. नोखी उठली, तांब्या उचलला आणि उरलेलं गार पाणी बकऱ्याच्या कानात ओतलं.

बकऱ्यानं शिंगापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं.

"बापू! झाडलं! अंग झाडलं!"

म्हातारा धावत आला. बकऱ्याला थरथरताना पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आई गं! ऐकलंस गं लेकराचं!" त्यानं नोखीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिला निखाऱ्यासारखा लागला.

देवीला बकऱ्याचा मान देऊन कळप निघाला. किरपूनं बिंदोला आपल्या लोकरी चोळ्यात, त्या घोळदार अंगरख्यात, घेतलं. कमरेला काळा लोकरी डोरा, लांबच लांब दोर, गुंडाळलेला, त्याच्यावर चोळ्याच्या पोटात तो नेहमी नवी कोकरं ठेवायचा. "आईपेक्षा तू शहाणी गं," तो पोरीला सांगत होता, "कटकट तरी करत नाहीस."

माथ्यावर पोचले तेव्हा उन्हात सगळी शिखरं झळाळत होती. तेवढ्यात ढग आले नि सगळं पुसलं गेलं. बर्फ सुरू झालं, वाऱ्यानं उभं राहवेना. पलीकडच्या उतरणीवर किरपूनं मागं पाहिलं. ध्यानू पुढच्या मेंढ्या हाकत होता, मागच्या दिसत नव्हत्या.

त्यानं डोरा सोडला आणि बिंदोला नोखीच्या छातीशी घट्ट बांधलं. "तुम्ही पुढं व्हा. त्यांना घेऊन आलोच."

"नको बापू! मरू द्या त्या मेंढ्या!"

"वेडी आहेस का? देवीनं होकार दिलाय. तिच्या शब्दावर निघालोय, ती मला काय करणार?"

खरं काय ते नोखीच्या ओठांवर आलं होतं. पण पोरीचा घरघरणारा श्वास छातीला लागत होता, आणि इथं भांडणात थांबलो तर तोही थांबेल, असं तिला वाटलं. ती तशीच पुढं उतरायला लागली. म्हातारा मेंढ्यांना हाका मारत वर गेला. थोडा वेळ हाका ऐकू आल्या.

गावात कंपाउंडरनं सुई टोचली. उजाडता उजाडता बिंदोनं दूध ओढलं, आणि नोखी ढसाढसा रडली. बापू आले नव्हते. बर्फ थांबलं नव्हतं.

ध्यानूनं कमरेला दोर बांधला, काठी घेतली.

"गावकरी नको म्हणतात, वर गेलेला आज परत यायचा नाही," नोखी म्हणाली.

"गावकऱ्यांना काय ठाऊक? देवीचा होकार आहे. बापू बसले असतील कुठल्यातरी कपारीत मेंढ्या कुशीत घेऊन. आणतो त्यांना." तो हसलासुद्धा, अगदी बापासारखा.

नोखी दार अडवून उभी राहिली.

"होकार नव्हता."

"काय?"

"बकऱ्याच्या कानात मी पाणी ओतलं. देवी नकोच म्हणत होती. पोरीसाठी केलं. मला मार, टाकून दे, काय वाटेल ते कर, पण तू वर जाऊ नकोस."

ध्यानूची नजर बिंदोभोवती गुंडाळलेल्या काळ्या डोऱ्यावर गेली. तो उंबऱ्यावर बसला. कमरेच्या दोराची गाठ सोडायला लागला, ती त्याला सुटेना.

"मग बापू वर कुणाच्या भरवशावर गेले गं?" त्यानं विचारलं.

बिंदो भुकेनं खणखणीत रडायला लागली, तशी नोखी तिला पाजायला खाली बसली.